अर्ध्या तिकिटाला बर्थ नसतो: एका कुटुंबाच्या आग्रा-दिल्ली सहलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं हे एक पाच माणसांचं कुटुंब. नावं, गाव आणि तारखा गाळल्या आहेत, बाकी घडलं ते तसंच लिहिलं आहे. वडील नोकरदार, आई घरी शिवणकाम करते, सहासष्ट वर्षांची आजी, सहावीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत आग्रा आणि दिल्ली करायचं ठरलं. बंगळूरूहून मुलांची आत्या आपल्या लहानग्याला घेऊन थेट दिल्लीत येऊन मिळणार होती.

पैशांचा हिशेब आईकडे. तिने वहीत खर्चाचे रकाने पाडले आणि पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली: मोठ्यांच्या तिकिटात कमी करण्यासारखं फारसं काही नाही. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, त्यामुळे आजीचंही पूर्ण भाडं. मग सगळ्यांचं लक्ष मुलांच्या तिकिटांकडे गेलं. ते साहजिकच होतं, पण पुढचा घोळही तिथूनच सुरू झाला.

आणखी एक गुंता होता. मुलाचा बारावा वाढदिवस सहलीच्या मधोमध, दिल्लीच्या मुक्कामात येत होता. आत्याचं बाळही त्याच आठवड्यात दोन वर्षांचं होणार होतं. म्हणजे जाताना दोघं एका वयोगटात आणि येताना दुसऱ्या.

अडचण

घरात गृहीत असं होतं की पाचच्या आतलं मूल फुकट, बारापर्यंत हाफ, पुढे फुल. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात हेच गणित असतं, कारण ते एसटीत शिकलेलं असतं. एसटीत ते खरंही आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. पण प्रवास एसटीच्या बाहेर पडला की प्रत्येक खिडकी मूल वेगळ्या मापाने मोजते.

रेल्वे वय बघते आणि त्याबरोबर बर्थ मागितला का तेही बघते. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही. बर्थ हवा असेल तर मोठ्यांइतकं पूर्ण भाडं, मधली पायरी नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धं तिकीट मिळतं, पण त्यावर बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर त्यालाही पूर्ण भाडं. २१ एप्रिल २०१६ च्या आधी अर्ध्या भाड्यातच मुलाला स्वतःचा बर्थ मिळत असे. घरातल्या मोठ्यांना तोच जुना काळ आठवत होता. शिवाय चेअर कारसारख्या, नुसत्या खुर्च्यांच्या वर्गांत ‘सीट नको, अर्धं द्या’ असा पर्यायच नाही. पाच पूर्ण झाली की तिथे पूर्ण तिकीट.

दिल्ली मेट्रो वय विचारतच नाही. ती उंची बघते. तीन फुटांखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट, त्याच्या वर गेलं की मोठ्यांइतकंच भाडं. चार वर्षांचं मूल बहुधा तीन फूट ओलांडून गेलेलं असतं. म्हणजे ज्या मुलीला रेल्वेने हजार किलोमीटरहून जास्त फुकट नेलं, तिचं मेट्रोत दोन स्टेशनांसाठी तिकीट काढावं लागतं.

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि त्याचं वेगळं, कमी शुल्क असतं. दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट लागते आणि देशांतर्गत प्रवासात ती जवळजवळ मोठ्यांच्याच दराने पडते. वय प्रवासाच्या दिवशी काय आहे ते धरतात, तिकीट काढलं त्या दिवशी काय होतं ते धरत नाहीत.

आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वास्तू सगळ्यांत उदार: पंधरा वर्षांखालची सगळी मुलं फुकट. ताजमहाल, आग्र्याचा किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, सगळीकडे तोच नियम.

हे सगळं एकत्र समोर नव्हतं, ही या कुटुंबाची खरी अडचण. नियम अवघड नाहीत. ते विखुरलेले आहेत, आणि एका ठिकाणचा नियम आपण दुसऱ्या ठिकाणी नकळत लावतो.

समोरचे पर्याय

*एजंटचं पॅकेज*

पहिला पर्याय ओळखीच्या एजंटकडून आला. आग्रा-दिल्ली, हॉटेल, गाडी, ‘सर्व प्रेक्षणीय स्थळांचं प्रवेशशुल्क समाविष्ट’. मोठ्यांचा एक दर, मुलांचा त्याहून कमी ‘बाल दर’. कागदावर सवलत दिसत होती आणि वडील जवळजवळ हो म्हणून बसले होते.

आईने एकच प्रश्न विचारला: मुलांच्या दरात नेमकं काय काय धरलं आहे? फोड मागितल्यावर कळलं की प्रवेशशुल्क दोन्ही मुलांसाठीही धरलं होतं, आणि यादीतल्या जवळपास सगळ्या वास्तूंत मुलांना प्रवेश फुकट होता. मुलीसाठी हॉटेलात जादा गादीचे पैसे होते, ती आईजवळ झोपणार हे सांगूनही. एजंटने फसवलं असं मी म्हणणार नाही. पॅकेजचा दर असाच बनतो: सगळ्यांचा सरासरी खर्च काढायचा आणि मुलांसाठी थोडा खाली आणायचा. पण ज्या कुटुंबातली दोन्ही मुलं बहुतेक ठिकाणी फुकट आहेत, त्यांना सरासरी परवडत नाही. पॅकेज सोडलं. माझ्या मते सगळ्या सहलीत सर्वांत जास्त पैसे वाचवणारा निर्णय हाच होता.

*जाण्याची गाडी*

पुण्याहून आग्र्याला जायला त्यांनी अशी गाडी निवडली जी पहाटे आग्र्याला पोचते. एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत. पहाटे पोचलं की हॉटेलची एक रात्र वाचते, हा हिशेब. थ्री एसीत जागा बघताना तीन पर्याय वहीत उतरले.

पहिला: सगळ्यांना बर्थ, मुलीलाही. पाच पूर्ण भाडी, पाच बर्थ.

दुसरा: मुलाला पूर्ण भाड्याचा बर्थ, मुलगी आईजवळ. चार भाडी, चार बर्थ.

तिसरा: मुलाचं अर्धं तिकीट, मुलगी फुकट. साडेतीन भाडी, तीन बर्थ.

पहिला पर्याय कुणी मनावर घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं. चार वर्षांची मुलगी आईला बिलगूनच झोपते, तिच्या रिकाम्या बर्थसाठी मोठ्या माणसाचं भाडं कशाला? खरी ओढाताण दुसऱ्या आणि तिसऱ्यात होती. फरक अर्ध्या भाड्याचा. आजीने तोडगा काढला: “पोरगं माझ्या पायाशी निजेल की. आम्ही नाही का एका घोंगडीत चौघं झोपलो!” तिसरा पर्याय ठरला.

मुलगा अकरा वर्षांचा म्हणून सगळे बोलत होते, पण तो आजीपेक्षा उंच झालेला होता. वयाच्या नियमात तो लहान होता, झोपायला मात्र त्याला मोठ्या माणसाएवढीच जागा लागत होती. वहीत उंचीचा रकाना नव्हता.

*वय कमी सांगायचं का*

परतीच्या दिवशी मुलगा बारा वर्षं दोन दिवसांचा असणार होता. एका नातेवाइकाचा सल्ला आला: “दोन दिवसांनी काय होतंय? अकराच टाक. टीसी काय जन्मदाखला बघतो?” असा सल्ला प्रत्येक घरात कुणीतरी देतंच. टीसी वयाचा पुरावा मागू शकतो, आणि अपुऱ्या तिकिटावर सापडलं तर फरकाबरोबर दंड लागतो. तिकिटाशिवाय किंवा चुकीच्या तिकिटावर प्रवास केला तर रेल्वे कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे भाड्याइतकी जादा आकारणी किंवा २५० रुपये, यांतलं जे जास्त असेल ते भरावं लागतं. वडिलांनी नकार दिला तो दंडाच्या भीतीने नव्हता. मुलगा समोर बसून ऐकत होता, म्हणून.

कायदेशीर वाटही होती. परतीचा प्रवास तीन दिवस आधी केला तर अर्धं तिकीट मिळालं असतं. पण मग दिल्लीचा अर्धा कार्यक्रम गेला असता आणि आत्याची भेट चुकली असती. ती वाट सोडली.

*आत्याचं विमान*

आत्या जाण्या-येण्याचं तिकीट एकदमच काढत होती, बाळ मांडीवर धरून. जाताना बाळ दोनच्या आत होतं, येताना दोन पूर्ण. तिने वेळेत तारीख तपासली, म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली: जाताना मांडीवरचं बाळ, येताना सीट असलेलं मूल. तिकीट एकदमच काढलं असतं तर परतीच्या दिवशी विमानतळावर त्या वेळच्या चढ्या दराने सीट घ्यावी लागली असती, आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत तो दर काय असतो ते वेगळं सांगायला नको.

तिने आणखी एक खर्च टाळला. विमान कंपनीची वेबसाइट परतीच्या बुकिंगमध्ये शेजारच्या दोन सीट पैसे भरून निवडायला सांगत होती. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना निर्देश दिला आहे की एकाच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंगमधल्या) बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना निदान एका पालकाशेजारी सीट द्यावी. आत्याने सीट निवडली नाही आणि तिला बाळाशेजारचीच सीट मिळाली.

प्रत्यक्षात काय झालं

गाव ते पुणे हा टप्पा एसटीचा होता आणि तो इतका स्वस्तात पार पडला की आईला आधी विश्वास बसेना. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे. आईचं अर्धं, आजीचं अर्धं, मुलाचं अर्धं, मुलगी फुकट, वडिलांचं पूर्ण. पाच माणसं अडीच तिकिटांत. आणि मुलाच्या अर्ध्या तिकिटाला स्वतःची सीट होती. याच अनुभवावर भरवसा ठेवून ते रेल्वेच्या अर्ध्या तिकिटाकडे बघत होते.

गाडीत दिवस मजेत गेला. खालच्या बर्थवर सगळे मिळून बसले, मुलं वरखाली चढली. रेल्वेच्या नियमाने मधला बर्थ झोपण्यासाठी रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा असतो. दहा वाजता तो उघडला आणि अडचण समोर आली. आजी खालच्या बर्थवर, आई आणि मुलगी मधल्यावर, वडील वरच्यावर. मुलगा आजीच्या पायाशी आडवा झाला तेव्हा त्याचे पाय पॅसेजमध्ये आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे धक्के बसू लागले. मग तो वडिलांकडे वर गेला. दोघांना एका वरच्या बर्थवर कूस बदलता येईना. बेडरोल बर्थप्रमाणे तीनच आले होते, त्यामुळे एसीच्या गारठ्यात पांघरुणाची ओढाओढ वेगळीच.

वडिलांनी टीसीला गाठून एखादा रिकामा बर्थ मिळेल का विचारलं, फरक भरायची तयारी दाखवली. दिवाळीची गर्दी. वेटिंगवाले आरएसी होऊन, म्हणजे एका बर्थवर दोघं असे, बसलेले होते. बर्थ नव्हता. मध्यरात्रीनंतर वडील उतरून दाराजवळ सामानावर बसून राहिले आणि मुलाला वर झोपू दिलं. आजी मुलाच्या काळजीने जागीच.

पहाटे आग्रा. तो गुरुवार होता, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने दिल्ली गाठायची होती. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. म्हणजे ताजला हाच एक दिवस. ठरलं होतं असं की सामान हॉटेलात टाकून उजाडता ताजला जायचं, दुपारी किल्ला. पण तीन मोठ्यांपैकी दोघं डोळ्याला डोळा न लागता उतरलेले, मुलगी रडवेली. हॉटेलात खोली दुपारी मिळणार होती. लवकर खोली हवी तर जादा पैसे. ते भरले आणि सगळे झोपले.

इथे एक निर्णय चांगला झाला, तो नोंदवायला हवा. जाग आल्यावर वडील म्हणत होते, आता ताजही घाईत उरकू आणि किल्ल्यावरही जाऊ, तिकिटं काढलेली आहेत. आईने किल्ला सोडून द्यायला लावलं. किल्ल्याची तीन मोठ्यांची ऑनलाइन तिकिटं वाया गेली. मुलांची काढलेलीच नव्हती, ती फुकटच होती. ‘पैसे भरलेत म्हणून जायचं’ हा मोह मुलांबरोबरच्या सहलीत सर्वांत महाग पडतो, आणि तो तिने वेळेवर ओळखला.

ताजच्या दाराशी एक माणूस ‘पाचही जणांची तिकिटं काढून देतो, रांग टाळतो’ म्हणत मागे लागला. आईने मुलांची वयं सांगितली आणि खिडकीवर जाऊन तीनच तिकिटं काढली. भारतीय प्रौढांना प्रवेश ५० रुपये, मुख्य कबरीपर्यंत वर जायचं तर आणखी २००. तिघांचे ७५० रुपये झाले असते. आजीचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने वर जायचं नाही असं ठरवलं आणि तिचं तिकीट ५० चंच काढलं. हा छोटा निर्णय, पण गटातल्या प्रत्येकासाठी एकच तिकीट काढायचं ही सवय मोडली की असे दोनशे-दोनशे वाचतात.

चांदण्यातला ताज बघण्याची टूमही निघाली होती. पौर्णिमा आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या दोन-दोन रात्री तो अर्ध्या तासाच्या तुकड्यांत दाखवतात, शुक्रवार आणि रमझानचा महिना वगळून. पण तिथे दिवसाचा नियम लागत नाही. भारतीय प्रौढाला ५१० रुपये आणि तीन ते पंधरा वर्षांच्या मुलालाही ५००. पौर्णिमा त्यांच्या तारखांत बसत नव्हती म्हणून प्रश्न मिटला. नाहीतर ‘मुलं तर फुकटच’ या समजात एक हजार रुपयांचा धक्का बसला असता.

आग्रा ते दिल्ली चेअर कार. इथे मुलाला पूर्ण तिकीट लागलं, मुलगी मांडीवर. दोन-अडीच तासांच्या प्रवासात मांडीवरचं मूल जड होत नाही, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

दिल्लीत मेट्रोच्या स्टेशनवर मुलीची उंची मापाच्या वर निघाली. तिच्यासह सगळ्यांचं पूर्ण भाडं. पहिल्या दिवशी तिकिटं काढली, मग हिशेब करून मोठ्यांसाठी स्मार्ट कार्ड घेतली, कारण कार्डावर दर फेरीला १० टक्के सूट असते. मुलांसाठीही घ्यायला हवी होती, पण ‘मुलांचं कशाला कार्ड’ असं वाटून गेलं. जिथे मुलाला सवलतच नाही तिथे मुलाला मोठ्या माणसासारखंच वागवायचं, हे ध्यानात आलं नाही. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. रक्कम किरकोळ, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

कुतुबमिनार आणि हुमायूनच्या कबरीला प्रौढांचं तिकीट खिडकीवर ४० आणि ऑनलाइन ३५ रुपये होतं. पाच रुपयांपेक्षा रांगेत वाचलेला वेळ मोलाचा ठरला, कारण दमलेलं चार वर्षांचं मूल रांगेत धरून ठेवणं हे तिकिटापेक्षा कठीण काम आहे.

मुलाच्या वाढदिवसाला एका मनोरंजन उद्यानात जायचं होतं. तिथे पुन्हा उंची. ‘बाल’ तिकिटाच्या मर्यादेपेक्षा मुलगा उंच भरला, म्हणून मोठ्यांचं तिकीट. आजी झोपाळ्यांवर बसणार नव्हती, तरी तिलाही पूर्ण तिकीट सांगितलं. आईने आत जाण्याआधी दहा मिनिटं बाजूला उभं राहून हिशेब केला आणि वडील-मुलगा दोघेच आत गेले. बाकीच्यांनी ती दुपार आत्याबरोबर एका बागेत काढली. मुलगी थोडी रुसली. मुलाला मात्र वडील दिवसभर एकटे मिळाले, हेच त्याला सगळ्यात आवडलं, असं आई सांगते.

परतीच्या गाडीत मुलगा बारा पूर्ण. चार पूर्ण भाडी, चार बर्थ, मुलगी आईजवळ. सगळे झोपले. या रात्रीबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

निष्पत्ती

पैशांचा ताळा आईने घरी आल्यावर मांडला. जातानाच्या गाडीत अर्धं भाडं वाचलं. हॉटेलची लवकर घेतलेली खोली आणि किल्ल्याची वाया गेलेली तिकिटं धरली तर वाचलेल्यापेक्षा खर्च जास्त झाला. पहाटे पोचणारी गाडी घेऊन हॉटेलची रात्र वाचवण्याचा बेतही त्याच कारणाने फसला. दोन बचती एकमेकींवर रचल्या होत्या आणि खालची ढासळल्यावर वरची गेली.

दुसरीकडे पॅकेज नाकारल्याने, एसटीच्या टप्प्यात आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत जे वाचलं, त्यात कुणाचंही काही बिघडलं नाही. मूल आत जाणारच होतं, ते फुकट गेलं. सीट मिळणारच होती, ती निम्म्यात मिळाली.

मला या प्रकरणात पुन्हा पुन्हा हाच फरक दिसतो. काही सवलतींत मुलाला मोठ्यांना मिळतं तेच कमी पैशांत मिळतं. काही सवलतींत पैसे कमी लागतात कारण मुलाला काहीतरी मिळतच नाही: बर्थ, सीट, पांघरूण. दोन्हींना आपण ‘हाफ तिकीट’च म्हणतो. म्हणून दर विचारण्याआधी या तिकिटात मुलाला काय मिळणार आणि काय मिळणार नाही ते विचारायला हवं.

रेल्वेचं बर्थ नसलेलं अर्धं तिकीट वाईट आहे असं मात्र नाही. दिवसाचा पाच-सहा तासांचा प्रवास, सहा-सात वर्षांचं मूल, स्लीपरचा डबा, अशा वेळी ते बिनधास्त काढावं. रात्र आली किंवा मूल खांद्याला लागलं की विचार बदलायचा.

वेगळं काय करता आलं असतं

सुधारणेची सर्वांत मोठी जागा बुकिंगच्या दिवशीची. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. या कुटुंबाने पहिल्याच सकाळी आठला तिकीट काढलं, म्हणजे चौथा बर्थ सहज मिळत होता. अर्ध्या भाड्याचा निर्णय नाइलाजाने झालेला नव्हता, तो आदल्या रात्री वहीत झाला होता. त्या रात्री मुलाला घरातल्या दिवाणावर आजीच्या पायाशी एकदा झोपवून बघितलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. हे मी थट्टेने लिहीत नाही. आजकाल जी कुटुंबं माझ्याकडे विचारायला येतात त्यांना मी हेच सांगतो.

तारखांची जागा दुसरी. आग्र्याला पोचण्याचा दिवस बुधवार ठेवला असता तर गुरुवार हाताशी राहिला असता आणि पहिल्या दिवशीची झोप परवडली असती. शुक्रवारच्या सुट्टीला चिकटून पोचण्यात चुकीला वाव उरला नाही. मुलांबरोबर जाताना बंद वार तिकिटाच्या दराइतकाच नीट बघावा. औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्यांनी अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं हे असंच आधी वहीत लिहावं.

कागदपत्रांबाबत या कुटुंबाने चांगलं केलं. दोन्ही मुलांची आधार कार्डं आणि मुलाचं शाळेचं ओळखपत्र आईच्या पर्समध्ये होतं, मोबाइलमध्ये फोटोही होते. एका वास्तूच्या दाराशी मुलाच्या उंचीकडे बघून वय विचारलं गेलं. शाळेचं कार्ड दाखवलं, प्रश्न संपला. पंधराच्या आतला पण दिसायला सतरा-अठराचा मुलगा बरोबर असेल तर पुरावा नसल्यास तिकिटाचे पैसे उगाच जातात.

आत्याने बाळाच्या वाढदिवसाची तारीख तपासली तशी या घराने मुलाचीही तपासली होती, पण फक्त परतीच्या तिकिटासाठी. मनोरंजन उद्यानाची उंचीची मर्यादा त्यांच्या वेबसाइटवर होती. ती आधी बघितली असती तर वाढदिवसाच्या सकाळी दारात उभं राहून मुलीची समजूत काढावी लागली नसती. ही गोष्ट पैशांत मोजता येत नाही, पण आईच्या मते सगळ्या सहलीतला तोच सर्वांत अवघड क्षण होता.

आजीसाठी वेगळा विचार झाला नाही, हीही एक उणीव. मुलांच्या तिकिटांच्या हिशेबात मुलांच्या झोपेचा भार कुणावर पडतो ते बघितलं गेलं नाही. अर्ध्या तिकिटाचा उरलेला अर्धा भाग आजीने आणि वडिलांनी जागून भरला.

पुढची सहल मे महिन्यात वेरूळ-अजिंठ्याची ठरते आहे. मुलगी मार्चमध्ये पाच वर्षांची होईल, म्हणजे एसटीत तिचंही आता अर्धं तिकीट. मुलगा बारा ओलांडून गेल्यामुळे त्याचं पूर्ण. आईने वहीत दोन नवे रकाने पाडले आहेत: ‘प्रवासाच्या दिवशी वय’ आणि ‘उंची’. लेण्यांसमोर दोन्ही मुलांच्या नावापुढे शून्य आहे, आणि अजिंठ्याच्या फाट्यापासून वर नेणाऱ्या बसचं भाडं वेगळं लागतं तेही तिने यावेळी खाली लिहून ठेवलं आहे.